ओल्या वायूची परीक्षा: एमओएफच्या भुकटीपासून स्तंभापर्यंत

धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूत कार्बन डायऑक्साइड वाटतो तेवढा नसतो. कोळशावर चालणाऱ्या बॉयलरच्या धुरात तो साधारण १२ ते १५ टक्के असतो, नैसर्गिक वायूच्या टर्बाइनमागे तर ४ टक्क्यांच्या आसपास. उरलेला बहुतेक नायट्रोजन, थोडा ऑक्सिजन आणि भरपूर पाण्याची वाफ. आमच्या गटाकडे आलेलं काम असं होतं: या मिश्रणातून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढेल असा घन पदार्थ निवडायचा, तो स्वतः बनवायचा आणि स्तंभात, म्हणजे वायू जाणाऱ्या उभ्या नळीत, भरून चालवून दाखवायचा.

मी मूळची केमिकल इंजिनिअर. याआधी माझी काही वर्षं अमाइन प्लांटवर गेली होती. तिथे मोनोइथेनॉलअमाइनचं सुमारे ३० टक्क्यांचं पाण्यातलं द्रावण स्तंभात वरून सोडतात, खालून धूर वर चढतो, अमाइन कार्बन डायऑक्साइडला रासायनिक बंधाने धरून ठेवतं. मग तो सोडवायला सगळं द्रावण १२० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावं लागतं. द्रावणात ७० टक्के पाणी, त्यामुळे रीबॉयलरच्या, म्हणजे द्रावण तापवणाऱ्या भांड्याच्या, वाफेचा मोठा वाटा ते पाणी तापवण्यात आणि उकळण्यातच जातो. ही पद्धत पक्की आहे, कित्येक दशकं चाललेली आहे, आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण वाफेच्या मीटरकडे बघत पाळ्या केलेल्या माणसाला, पाणी न उकळता हेच काम करणाऱ्या पदार्थाची ओढ का वाटावी, हे वेगळं सांगायला नको.

घन पदार्थ वायूला पृष्ठभागावर धरतो. याला अधिशोषण म्हणतात. झिओलाइट (एक सच्छिद्र खनिज) आणि सक्रिय कोळसा हे काम उद्योगात फार पूर्वीपासून करत आले आहेत. एमओएफ, म्हणजे धातू आणि सेंद्रिय रेणूंची सच्छिद्र जाळी, ही त्यांच्या मानाने नवी मंडळी. धातूचे आयन किंवा त्यांचे छोटे पुंजके गाठीच्या जागी बसतात, आणि दोन किंवा जास्त टोकांनी धातूला पकडणारे सेंद्रिय रेणू एका गाठीपासून दुसरीपर्यंत पोचतात. मधे पोकळी राहते. गाठ बदला, दांडा लांब-आखूड करा, त्यावर एखादा गट लावा, की पोकळीचा आकार आणि स्वभाव बदलतो. रिचर्ड रॉबसन यांनी १९८९ मध्ये तांब्याचे आयन आणि चार टोकांचा रेणू घेऊन अशी जाळी विणली. सुसुमु कितागावा यांनी १९९७ मध्ये दाखवलं की अशा जाळीत वायू आत-बाहेर करता येतो आणि ती ढासळत नाही. ओमर याघी यांच्या गटाचं एमओएफ-५ १९९९ मध्ये आलं. तिघांना मिळून २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी कामापेक्षा गप्पा जास्त झाल्या.

आजवर नोंदवलेल्या एमओएफची संख्या लाखाच्या घरात आहे. एवढ्यातून निवडायचं कसं? संगणकावर चाळण लावता येते, तीही लावली. पण शेवटी आम्ही दोन पदार्थ हातात घेतले आणि तुलनेला तिसरा ठेवला. पहिला एचकेयूएसटी-१: तांबे आणि ट्रायमेसिक आम्ल, १९९९ मध्ये हाँगकाँगच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातून आला, आणि त्याच विद्यापीठाची आद्याक्षरं त्याला मिळाली. दुसरा कॅल्फ-२०: जस्त, ट्रायअ‍ॅझोल आणि ऑक्झॅलेट, कॅल्गरी विद्यापीठाच्या गटाने २०२१ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केलेला. तुलनेला झिओलाइट १३एक्स, जे कुठेही विकत मिळतं. माझा आग्रह पहिल्या बैठकीपासून एकच होता की तिन्ही पदार्थ ओल्या, मिश्र वायूच्या चाचणीपर्यंत न्यायचे. कोरड्या, शुद्ध वायूत सुरेख आकडे देणारा पदार्थ मधेच विजेता ठरवून थांबायचं नाही.

एचकेयूएसटी-१ बनवणं डोळ्यांना सुख देणारं काम आहे. तांब्याचं नायट्रेट पाण्यात विरघळवलं, ट्रायमेसिक आम्ल इथेनॉलमध्ये, दोन्ही एकत्र करून टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या स्टीलच्या ऑटोक्लेव्हमध्ये भरलं आणि ओव्हन ११० अंशांवर लावला. दुसऱ्या दिवशी भांडं पूर्ण थंड होऊ दिलं. झाकण काढलं की तळाशी निळे स्फटिक बसलेले असतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते छान अष्टफलक दिसतात, दोन पिरॅमिड पायाला पाय लावून ठेवल्यासारखे. तापमान फार चढवलं की निळ्यात लालसर कण मिसळलेले सापडतात. तो तांब्याचा क्युप्रस ऑक्साइड. म्हणून आम्ही ११० च्या वर गेलोच नाही. न वापरलं गेलेलं आम्ल पांढरं असतं आणि स्फटिकांना चिकटून राहतं. कोमट इथेनॉलने पुन्हा पुन्हा धुतल्याशिवाय ते जात नाही. धुतलेल्या इथेनॉलचा थेंब काचेवर वाळवून बघायचा. पांढरा डाग उमटला तर आणखी धुवायचं.

मग क्ष-किरण विवर्तन: भुकटीवर क्ष-किरण टाकायचे आणि ते कोणत्या कोनांना परततात ते बघायचं. ६.७, ९.५ आणि ११.६ अंशांच्या कोनांवरचे पीक, म्हणजे आलेखातले उंचवटे, जागच्या जागी दिसले की जाळी बनली आहे एवढं कळतं. जाळी रिकामी आहे की भरलेली, हे त्यावरून कळत नाही, आणि मला वाटतं या क्षेत्रात नव्याने येणारे सर्वांत जास्त इथेच फसतात. पॅटर्न सुंदर, पण आतल्या पोकळ्या द्रावकाने गच्च. असा पदार्थ वायूला जागा देणार कुठून?

पोकळ्या रिकाम्या करण्याला आम्ही सगळे अ‍ॅक्टिव्हेशनच म्हणतो. सगळ्या प्रक्रियेत मला हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सावकाश सांगते.

जाळीत अडकलेला द्रावक थेट तापवून हाकलला तर बाहेर पडताना तो भिंतींना आत ओढतो. अरुंद पोकळीत द्रवाचं पृष्ठताण मोठं बळ लावतं, आणि नाजूक जाळ्या त्याने कोसळतात. म्हणून आधी जड द्रावकाच्या जागी हलका घालायचा. पुष्कळ एमओएफ डायमिथाइलफॉर्मामाइडमध्ये बनतात. त्याचा उत्कलनबिंदू १५३ अंश, तर मिथेनॉलचा जेमतेम ६५. आमच्या पदार्थात पाणी आणि इथेनॉल होतं, तरीही मिथेनॉलमध्ये बुडवून ठेवणं, ते ओतून ताजं घालणं, पुन्हा ठेवणं, हे केलंच. घाई करण्याची ही जागा नव्हे. द्रावकाची अदलाबदल विसरणाने, म्हणजे रेणू आपोआप हळूहळू पसरत जाण्याने, होते, आणि विसरण आपल्या सोयीने चालत नाही.

त्यानंतर पदार्थ काचेच्या नळीत, नळी निर्वात पंपाला, आणि भोवती तापवायचं जॅकेट. एचकेयूएसटी-१ मध्ये तांब्याचे दोन अणू शेजारी-शेजारी असतात, त्यांना ट्रायमेसिक आम्लाच्या रेणूंची टोकं, म्हणजे चार कार्बॉक्सिलेट गट, चारी बाजूंनी धरतात, आणि प्रत्येक तांब्याच्या बाहेरच्या टोकाला पाण्याचा एक रेणू बसलेला असतो. पोकळीतलं सैल पाणी लवकर निघून जातं. तांब्याला धरलेलं पाणी मात्र हट्टी. तापमान हळूहळू १५० पर्यंत चढवलं. आतमध्ये पाणी असताना एकदम उष्णता दिली तर तेच पाणी तांबे आणि कार्बॉक्सिलेटमधला बंध तोडायला लागतं, म्हणून हळूहळू. सुरुवातीला नळीतली भुकटी आकाशी होती. मग ती गडद होत गेली, कडेने आधी, मधे नंतर, आणि शेवटी सबंध भुकटी गडद जांभळी झाली. हा जांभळा रंग म्हणजे तांब्याचं एक टोक उघडं पडल्याची खूण आहे. त्या उघड्या टोकावरच वायूचा रेणू येऊन बसणार असतो.

आमच्या गटातल्या ज्येष्ठ शास्त्रज्ञ मॅडम त्या वेळी शेजारी उभ्या होत्या. मी पंपाच्या आकड्याकडे बघत होते. त्या म्हणाल्या, "नुसतं रीडिंग खाली आलं म्हणजे झालं असं समजू नकोस. झडप बंद कर आणि दाब किती वेगाने वर येतो ते बघ. आत काही उरलं असेल तर तिथे सापडेल." झडप बंद केली. दाब चढत होता, अगदी थोडा, पण चढत होता. रंग पूर्ण बदललेला दिसत असूनही आणखी एक रात्र पंप चालू ठेवला, आणि सकाळी झडप बंद केल्यावर काटा जागचा हलला नाही. तेव्हापासून ही चाचणी मी प्रत्येक सँपलवर करते, रंग न बदलणाऱ्या पांढऱ्या पदार्थांवर तर हमखास.

जांभळी भुकटी हवेत उघडी ठेवली की काही मिनिटांत पुन्हा निळी होते. हवेतलं पाणी त्या उघड्या टोकांवर परत जाऊन बसतं. त्यामुळे नळी बंद करूनच वजन करायचं, आणि तेच वजन पुढच्या हिशोबात धरायचं. अ‍ॅक्टिव्हेशनआधीचं वजन धरलं तर दर ग्रॅममागचा आकडा चुकतो, आणि नंतर त्या चुकीचं मूळ कुणालाही सापडत नाही.

पृष्ठफळ मोजण्याचं काम त्या मानाने सरधोपट. नळी द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर बुडवायची, नायट्रोजनचे छोटे डोस द्यायचे, प्रत्येक दाबाला किती वायू बसला ते यंत्र नोंदवतं. त्या वक्रावरून पृष्ठफळ काढायची पद्धत ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर यांची, १९३८ ची. चांगल्या एचकेयूएसटी-१ चं पृष्ठफळ ग्रॅमला १,५०० चौरस मीटरच्या पुढे जातं, आमचंही गेलं. पण हा आकडा वक्राचा कोणता भाग निवडला यावर बराच अवलंबून असतो. २०२२ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ६१ प्रयोगशाळांना तेच १८ वक्र देऊन पृष्ठफळ काढायला सांगितलं, तर एकाच वक्राची उत्तरं वेगवेगळी आली. म्हणून आम्ही आकड्याबरोबर निवडलेली दाबाची पट्टीही प्रत्येक वेळी लिहून ठेवली. असं न करणारे अहवाल वाचताना माझा विश्वास लगेच कमी होतो.

कॅल्फ-२० बनवताना बघण्यासारखं काही घडत नाही. पांढरं द्रावण, पांढरी भुकटी, रंग बदलत नाही, स्फटिक एवढे बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली नुसती धूळ दिसते. त्याच्या जाळीत जस्त आणि ट्रायअ‍ॅझोलचे थर असतात आणि ऑक्झॅलेटचे खांब त्या थरांना एकमेकांपासून दूर तोलून धरतात. पृष्ठफळ ग्रॅमला ५०० चौरस मीटरच्या थोडं वर, म्हणजे निळ्या भावंडाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. गटातल्या एका तरुण सहकाऱ्याने हा आकडा बघून विचारलं, "ताई, हे कशाला पुढे न्यायचं?" प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्याचं उत्तर पुढच्याच मापनात मिळालं.

ते मापन म्हणजे २५ अंशांवर शुद्ध कार्बन डायऑक्साइडचा वक्र, शून्यापासून १ बारपर्यंत. पुष्कळ शोधनिबंधांत १ बारचा आकडा ठळक छापलेला असतो. पण आमच्या धुरात कार्बन डायऑक्साइड १५ टक्के, एकूण दाब वातावरणाएवढा, म्हणजे आमच्या कामाचा दाब फक्त ०.१५ बार. वक्राचा उजवा भाग कितीही वर गेला तरी आमच्या उपयोगाचा नाही. तिथे, ०.१५ बारला, बघितलं की क्रम उलटतो. एचकेयूएसटी-१ ची रेघ तिरकी, सावकाश चढणारी. तिच्या मोठ्या पोकळ्या जास्त दाबाला भरतात. कॅल्फ-२० ची रेघ सुरुवातीलाच झपकन वर जाते, कारण त्याची पोकळी कार्बन डायऑक्साइडच्या रेणूला चारी बाजूंनी बेताची बसते. आणि १३एक्स तर दोघांच्याही वर, कारण त्यातले सोडियमचे आयन रेणूला घट्ट ओढतात. कोरड्या वायूत, या दाबाला, झिओलाइट जिंकलं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नवीन पदार्थावर काम करणाऱ्याला जुन्याची ताकद सांगायचा कंटाळा येता कामा नये.

हेच मापन आणखी दोन तापमानांना केलं की अधिशोषणाची उष्णता काढता येते. कॅल्फ-२० साठी ती मोलला ४० किलोज्यूलच्या जवळ, अमाइनच्या रासायनिक बंधासाठी सुमारे ८५. घट्ट धरणं चांगलंच, पण जेवढं घट्ट धराल तेवढी ऊर्जा सोडवताना मोजावी लागते. मला हव्या असलेल्या पदार्थाची पकड मध्यम होती. नायट्रोजनचाही वक्र घेतला, आणि दोन शुद्ध वायूंच्या वक्रांवरून मिश्रणाचा अंदाज बांधायची मायर्स आणि प्रॉसनिट्झ यांची १९६५ ची रीत लावली. तिने निवडक्षमतेचा, म्हणजे नायट्रोजनच्या तुलनेत कार्बन डायऑक्साइड किती जास्त धरला जातो याचा, आकडा मिळतो. हा आकडा कागदावर काढलेला असतो, त्यात मिश्र वायू कधी वापरलेलाच नसतो, आणि पाणी तर मुळीच नसतं.

आता स्तंभ. भुकटी तशीच नळीत भरून वायू सोडला तर तो पुढे सरकत नाही, दाब वाढत जातो, आणि वायूचा वेग वाढवला तर भुकटी उडून फिल्टरवर जाऊन बसते. म्हणून गोळ्या लागतात. भुकटी दाबयंत्रात चकतीसारखी दाबायची, चकती फोडायची, आणि चाळणीवर ठरावीक आकाराचे दाणे वेगळे काढायचे. दाण्याचा व्यास नळीच्या व्यासाच्या दहाव्या भागापेक्षा मोठा नको, नाहीतर वायू भिंतीला लागून सटकतो.

या दाबण्यात एचकेयूएसटी-१ ने हार मानली. दाब वाढवला की ११.६ चा पीक बुटका आणि रुंद होत गेला, पृष्ठफळ घसरलं. दाब कमी ठेवला तर दाणे बोटात चुरगळायचे. मधली एक अरुंद पट्टी सापडली, तिच्यावर काम भागवलं. कॅल्फ-२० ने दाब निमूट सोसला, आणि पॉलिसल्फोनचा बाइंडर, म्हणजे कण चिकटवून ठेवणारा पदार्थ, घालून त्याचे टणक दाणे झाले. बाइंडर वायू धरत नाही, फक्त वजन वाढवतो, शिवाय थोड्या पोकळ्यांची तोंडंही बुजवतो. म्हणून दाण्यांवर सगळे वक्र पुन्हा घेतले. पुढच्या हिशोबात भुकटीचे आकडे वापरायचे नाहीत असं ठरलं होतं, आणि ते पाळलं.

स्तंभाची जुळणी साधी दिसते, पण तिच्यातच दिवस जातात. सिलिंडर, वायूचा प्रवाह ठरवणारा मास फ्लो कंट्रोलर, नळी, आत तीन उंचींवर तापमान मोजणारे थर्मोकपल, आणि बाहेर पडणारा वायू मोजायला मास स्पेक्ट्रोमीटर. आधी नळीत काचेचे मणी भरून एक कोरी फेरी घेतली, म्हणजे पाइप आणि जोडांमधून वायूला पोचायला लागणारा वेळ वजा करता येतो. मग खरा पदार्थ भरला, हेलियममध्ये रात्रभर तापवला, थंड केला, आणि १५ टक्के कार्बन डायऑक्साइड, ८५ टक्के नायट्रोजन असं मिश्रण सोडलं.

पडद्यावर आधी नायट्रोजन उगवतो. कार्बन डायऑक्साइड शून्यावर. बराच वेळ शून्यावरच. हा शून्याचा काळ म्हणजे स्तंभाची खरी कमाई. त्या वेळात बाहेर पडणारा वायू स्वच्छ असतो. आत काय चाललंय ते थर्मोकपल सांगतात. अधिशोषणात उष्णता सुटते, त्यामुळे आधी खालचा थर्मोकपल चढतो आणि उतरतो, मग मधला, मग वरचा. वायूची आघाडी स्तंभातून वर सरकताना अशी तापमानाच्या उंचवट्यातून दिसते. नायट्रोजनचा प्रवाह मधे थोडा वेळ आत जाणाऱ्यापेक्षाही जास्त दिसतो. आधी जागा पटकावून बसलेल्या नायट्रोजनला मागून येणारा कार्बन डायऑक्साइड उठवतो, म्हणून. मग वरचा थर्मोकपल उतरायला लागतो आणि कार्बन डायऑक्साइडची रेघ वळून वर चढते. कॅल्फ-२० ची रेघ जवळजवळ उभी चढली. उभी रेघ म्हणजे रेणू दाण्याच्या आत पटकन पोचतात, स्तंभाचा जवळपास सगळा भाग कामी येतो.

कोरड्या फेऱ्या झाल्यावर वायू पाण्याच्या बाटलीतून बुडबुड्यांनी नेला आणि आर्द्रता मोजणारा सेन्सर जोडला. सगळ्या नळ्यांना तापवायची पट्टी गुंडाळली, नाहीतर पाणी वाटेतच थंड होऊन बसतं आणि स्तंभाला कोरडाच वायू मिळतो.

एचकेयूएसटी-१ साठी मी काचेचा स्तंभ मागून घेतला होता. दाब वातावरणाएवढाच असल्याने काच चालणार होती, आणि मला रंग बघायचा होता. स्तंभ तळापासून वरपर्यंत जांभळा. ओला वायू सुरू केला. खालच्या टोकाला आकाशी पट्टी उमटली आणि ती वर चढू लागली, वर जांभळा, खाली आकाशी, मधे बोटभर अंधूक भाग. पाण्याची आघाडी मी उघड्या डोळ्यांनी पाहत होते. जिथे जिथे आकाशी रंग पोचला, तिथलं तांब्याचं टोक पाण्याने घेतलं होतं आणि कार्बन डायऑक्साइडला उठावं लागलं होतं. मास स्पेक्ट्रोमीटरवर नेमकं तेच दिसत होतं: बाहेर पडणाऱ्या वायूत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण काही काळ आत जाणाऱ्यापेक्षा जास्त. एकदा सुकवला की पदार्थ पुन्हा जांभळा होतो, पण ओलाव्यात फार काळ राहिलेल्या दाण्यांचे क्ष-किरण पीक खचले होते. पाण्याने नुसती जागाच घेतली नव्हती, तांबे आणि कार्बॉक्सिलेटमधले बंधही सोडवायला सुरुवात केली होती.

१३एक्स चं वागणं वेगळं. ते मोडत नाही. पण पाण्यावर त्याचा जीव कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त. दर चक्रात, म्हणजे वायू धरून तो सोडण्याच्या प्रत्येक फेरीत, थोडं पाणी आत राहतं, ते घालवायला खूप तापवावं लागतं, आणि कमी तापवून चक्रं चालवली तर तोंडाशी बसलेला पाण्याचा पट्टा दर फेरीला पुढे सरकतो. कोरड्या वायूतला विजेता इथे मागे पडला.

कॅल्फ-२० चा ओला वक्र बघताना मी उभीच होते. सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली असेपर्यंत कार्बन डायऑक्साइडचा शून्याचा काळ कोरड्या फेरीच्या अगदी जवळ राहिला. या पदार्थात धातूचं उघडं टोक नाही, त्यामुळे पाण्याला धरून बसायला आयती जागा नाही. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून साखळी करतात तेव्हाच पोकळी भरते, आणि कमी आर्द्रतेला ती साखळी बनत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र पोकळीच्या मधोमध बसतो. ज्याने "कशाला पुढे न्यायचं" विचारलं होतं, त्यानेच हा आलेख छापून फलकावर लावला.

आर्द्रता ४० च्या वर नेली की हा फायदा ओसरतो, हेही आम्ही पाहिलं. खरा धूर तर पाण्याने संपृक्त असतो. इथे माझी प्लांटवरची वर्षं उपयोगी पडली. धूर थंड करून त्यातलं पाणी गाळायचं, आणि मग तो थोडा तापवायचा. ३० अंशांना संपृक्त असलेला वायू ५० अंशांपर्यंत नेला की सापेक्ष आर्द्रता ३४ टक्क्यांवर येते, एक थेंब पाणी आणखी न काढता. बदल्यात तापमान वाढल्यामुळे पदार्थाची क्षमता काहीशी घटते. हा सौदा किती अंशांवर फायद्याचा, ते शोधायला फेऱ्यांची एक मालिकाच करावी लागली, आणि माझ्या मते सगळ्या कामातला उद्योगाला सर्वांत उपयोगी पडणारा भाग तोच.

कॅल्फ-२० आता प्रयोगशाळेपुरतं राहिलेलं नाही. बीएएसएफ ही जर्मन रसायन कंपनी त्याचं टनावारी उत्पादन करते, आणि कॅनडाच्या स्वान्टे कंपनीने ब्रिटिश कोलंबियातल्या रिचमंड इथल्या सिमेंट कारखान्याच्या खऱ्या धुरावर ते चालवलं आहे. तिथे पदार्थ पातळ थरांच्या रचनेत बसवतात आणि वाफेने मोकळा करतात. थर पातळ असल्याने वायू पटकन आत-बाहेर होतो, चक्र लहान होतं, आणि तेवढ्याच पदार्थाकडून दिवसाला कितीतरी जास्त काम करून घेता येतं. आमच्या दाण्यांच्या स्तंभात उष्णता आत पोचायलाच वेळ लागतो, कारण हे पदार्थ उष्णता फार वाईट वाहून नेतात. चक्रांच्या चाचणीत आमचा बराचसा वेळ स्तंभ तापण्याची आणि निवण्याची वाट बघण्यात गेला.

एचकेयूएसटी-१ आम्ही कपाटात ठेवून दिलं नाही. धुरासाठी ते चालणार नाही हे कळलं, पण तांब्याचं उघडं टोक दुसरीकडे मोलाचं आहे. प्रोपिलीन आणि प्रोपेन यांचे उत्कलनबिंदू उणे ४७.६ आणि उणे ४२.१ अंश. एवढ्या थोड्या फरकावर त्यांना ऊर्ध्वपातनाने वेगळं करायचं तर शंभराहून अधिक थाळ्यांचे उंच स्तंभ लागतात आणि ऊर्जाही तशीच लागते. प्रोपिलीनमध्ये दुहेरी बंध आहे. त्यातले इलेक्ट्रॉन तांब्याच्या उघड्या टोकाशी जवळीक करतात, प्रोपेनकडे तसं काही नाही. आणि या प्रवाहातून पाणी आधीच काढलेलं असतं, म्हणजे ज्या गोष्टीने इथे घात केला तीच तिथे नाही. अशाच निवडीच्या बळावर सिफसिक्स गटातल्या, सिलिकॉन आणि फ्लोरिनचे खांब असलेल्या जाळ्यांनी २०१६ मध्ये इथिलीनमधून अ‍ॅसिटिलीन वेगळं करून दाखवलं.

त्यामुळे काचेचा तोच स्तंभ आता स्वच्छ करून प्रोपिलीन-प्रोपेनच्या मिश्रणासाठी जोडला आहे. ज्वलनशील वायू असल्याने वायुगळतीचे सेन्सर आणि बंदिस्त हुड आधी बसवून घेतले. वायू वाटेत सुकवण्यासाठी ३ए झिओलाइटचा छोटा स्तंभ पुढे लावला आहे. त्याची छिद्रं एवढी लहान की पाणी आत जातं आणि प्रोपिलीन बाहेरच राहतं. कॅल्फ-२० च्या स्तंभावर तरुण सहकारी धुरात सल्फर डायऑक्साइड मिसळून चक्रं चालवतो आहे. दर आठवड्याला तो काही दाणे काढतो, त्यांचा क्ष-किरण पॅटर्न घेतो आणि मागच्या आठवड्याच्या पॅटर्नवर ठेवून बघतो.